झोपणाऱ्या बोर्डासाठी स्टेप-डाउन कन्व्हर्टर कसा निवडावा

यावल तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा एक छोटा बोर्ड बसवला आहे. त्यावर कमी विजेवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, ओलाव्याचा सेन्सर आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओचे, मॉड्यूल आहे. दर पंधरा मिनिटांनी बोर्ड जागा होतो, ओलावा मोजतो, आकडा घरी पाठवतो आणि पुन्हा झोपतो. वीज १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीतून घेतली आहे आणि ३.३ व्होल्ट मिळवण्यासाठी एलएम २५९६ या स्टेप-डाउन कन्व्हर्टर चिपचे, म्हणजे जास्त व्होल्टेज उतरवून कमी करणाऱ्या चिपचे, तयार मॉड्यूल वापरले आहे. प्रोग्राम नीट झोपतो याची खात्री केलेली आहे, तरीही बॅटरी दीड महिन्यात बसते. पुढे याच बॅटरीवर ठिबकचा १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्हही चालवायचा आहे. अशा वेळी १० वॅटचे सौर पॅनेल लावावे की कन्व्हर्टर बदलावा, आणि बदलायचा तर कोणता घ्यावा?

कन्व्हर्टर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जळगावात बसून शेतीच्या उपकरणांचे पॉवर सप्लाय करण्यात माझी वीस वर्षांहून अधिक गेली आहेत आणि नेमकी हीच तक्रार घेऊन आलेले बोर्ड मी अनेकदा हाताळले आहेत. बोर्ड झोपतो, परंतु त्याला वीज पुरवणारा कन्व्हर्टर कधीच झोपत नाही. निवड करताना आपण तो किती अँपिअर देऊ शकतो आणि त्याची कार्यक्षमता किती टक्के आहे हे पाहतो. तो स्वतः किती खातो हे मात्र पाहायचे राहून जाते.

आधी तुमच्या बोर्डाचा खरा खर्च मांडू. दर पंधरा मिनिटांनी म्हणजे दिवसातून ९६ वेळा बोर्ड जागा होतो. प्रत्येक वेळी तो तीन सेकंद २० मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर दिवसाला १.६ मिलिअँपिअर-तास होतात. लोरा पूर्ण ताकदीने, म्हणजे २० डीबीएमवर, पाठवत असेल तर सुमारे १२० मिलिअँपिअर घेते. प्रत्येक वेळचे प्रसारण ०.४ सेकंदाचे धरल्यास त्याचे १.३ मिलिअँपिअर-तास होतात. उरलेल्या झोपेत २० मायक्रोअँपिअर लागले तर दिवसभराचे अर्धा मिलिअँपिअर-तास होतात. एकूण बेरीज जेमतेम ३.४ मिलिअँपिअर-तास, आणि तीही ३.३ व्होल्टवर. मधला कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी दिवसाला केवळ १.१ मिलिअँपिअर-तास जायला हवेत.

आता एलएम २५९६ पाहा. ही चिप वाईट नाही. ४० व्होल्टपर्यंतचे इनपुट ती सहन करते, ३ अँपिअर देते आणि घाईच्या कामात हाताशी असते. परंतु तिचा स्वतःचा करंट, ज्याला डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, क्विसेंट करंट म्हणतात, तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास असतो आणि कमाल १० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. मॉड्यूल भिंगाखाली धरून पाहिले, तर आणखी दोन गळत्या दिसतात. पहिली म्हणजे मॉड्यूल चालू असल्याचे दाखवणारा एलईडी. दुसरी सहसा लक्षात येत नाही. निळ्या चौकोनी प्रीसेटच्या (आउटपुट ठरवणाऱ्या फिरत्या रेझिस्टरच्या) शेजारी एक बारीक रेझिस्टर असतो आणि त्यावर अनेकदा ३३१ असे छापलेले असते, म्हणजे ३३० ओहम. हा रेझिस्टर चिपच्या फीडबॅक पिनवर, म्हणजे चिप आउटपुट तपासते त्या पिनवर, असतो आणि तिथले व्होल्टेज १.२३ वर स्थिर राहते. १.२३ ला ३३० ने भागले की ३.७ मिलिअँपिअर येतात. तुमचा बोर्ड झोपेत २० मायक्रोअँपिअर घेत असताना त्याच्या शेजारचा हा रेझिस्टर अहोरात्र ३.७ मिलिअँपिअर जाळत असतो. चिप, एलईडी आणि हा रेझिस्टर असे तिघे मिळून बॅटरीतून साडेसहा ते सात मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला सुमारे १६० मिलिअँपिअर-तास घेतात. ७००० ला १६० ने भागा. तुमचा दीड महिना जवळजवळ तंतोतंत निघतो. बॅटरी खराब नाही आणि प्रोग्रामही चुकलेला नाही.

सौर पॅनेल लावले तर बॅटरी बसणार नाही, हे खरे आहे. दिवसाला दोन वॅट-तासांची ही गळती १० वॅटचे पॅनेल सहज भरून काढील. पण केळीचा खांब डोक्याच्या वर गेला आणि पानांची छत्री दाटली की बागेच्या आत पॅनेलवर ऊन पडत नाही. ते बांधावर उंच खांबावर लावावे लागते, तिथून वायर ओढावी लागते, पॅनेलवरची धूळ पुसावी लागते आणि ते चोरीला जाऊ नये म्हणून जपावेही लागते. १.१ मिलिअँपिअर-तासांच्या कामासाठी एवढा संसार उभा करणे मला पटत नाही. पुढे व्हॉल्व्ह बसवाल तेव्हा पॅनेलचा विचार वेगळ्या हिशेबाने करता येईल.

कन्व्हर्टर निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की बोर्डाला काही काम नसताना हा कन्व्हर्टर बॅटरीतून किती घेतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण तिथे पुष्कळदा शटडाउन करंट ठळक छापलेला असतो. कन्व्हर्टर चालू-बंद करणारी एनेबल पिन बंद केल्यावरचा तो करंट असतो. तेव्हा आउटपुटही बंद असते, म्हणून आपल्याला त्याचा उपयोग नाही. त्यानंतर येणारा क्विसेंट करंट बऱ्याचदा स्विचिंग थांबलेले असताना मोजलेला असतो. आतल्या पानांवर आउटपुट ३.३ व्होल्टवर चालू असताना आणि लोड शून्य असताना इनपुटमधून जाणाऱ्या करंटचा आलेख मिळाला, तर तो खरा आधार मानावा. कार्यक्षमतेचा आलेखही डावीकडून वाचावा. १ अँपिअरवर ९२ टक्के असलेला कन्व्हर्टर ५० मायक्रोअँपिअरवर किती टक्के आहे, हे त्या आलेखाच्या डाव्या टोकाला दिसते. एखाद्या आलेखाची सुरुवातच १० मिलिअँपिअरपासून होत असेल, तर तो भाग आपल्या कामासाठी बनलेला नाही असे समजावे.

कमी लोडवर चांगली कार्यक्षमता देणारे कन्व्हर्टर सतत स्विच करत नाहीत. आउटपुट कपॅसिटर थोडा रिकामा झाला की एक-दोन पल्स देऊन तो भरतात आणि पुन्हा शांत बसतात. याला पीएफएम किंवा पल्स स्किपिंग म्हणतात. तुमच्यासारख्या बोर्डाला ही सोय हवीच. तिच्यामुळे आउटपुटवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक लहर, थोडा वाढतो आणि ओलाव्याच्या सेन्सरचे ॲनालॉग वाचन किंचित हलते. सलग सोळा वाचनांची सरासरी घेतली की बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

आता कन्व्हर्टरचा स्वतःचा करंट किती कमी असावा? इथे पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात. आज टीपीएस ६२७४० सारखे ३६० नॅनोअँपिअरवर चालणारे आणि टीपीएस ६२८४० सारखे ६० नॅनोअँपिअरचे कन्व्हर्टर मिळतात. ते वाचून मोह होतो, परंतु ते एका लिथियम सेलसाठी आहेत. पहिल्याचे इनपुट ५.५ व्होल्टपर्यंत आणि दुसऱ्याचे ६.५ व्होल्टपर्यंतच चालते. १२ व्होल्ट लावले तर ते क्षणात जळतील. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीला त्यांचा उपयोगही नाही. ही बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते. ७ अँपिअर-तासांवर ते २१० मिलिअँपिअर-तास, म्हणजे दिवसाला सात होतात. हा आकडा २५ अंशांचा आहे. दर दहा अंशांना ही आपसूक उतरण साधारण दुप्पट होते, आणि भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॅटरी स्वतःच दिवसाला सात ते वीस-पंचवीस मिलिअँपिअर-तास गमावत असताना कन्व्हर्टर ६० नॅनोअँपिअरचा आहे की १० मायक्रोअँपिअरचा, याने काहीच बदलत नाही. १० मायक्रोअँपिअरचे दिवसाला पाव मिलिअँपिअर-तास होतात. लेड-ॲसिडवर चालणाऱ्या बोर्डाचा झोपेतला एकूण करंट ५० मायक्रोअँपिअरच्या खाली आणला की माझ्या मते तिथे थांबावे आणि वाचलेले पैसे इनपुटच्या संरक्षणावर खर्च करावेत.

दुसरा प्रश्न इनपुट व्होल्टेजचा आहे आणि खानदेशात मी त्याला पहिल्याइतकेच महत्त्व देतो. बॅटरीवर १२ लिहिलेले असते म्हणून इनपुट १२ व्होल्ट असते असे नाही. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.७ च्या आसपास असते, चार्जिंगच्या वेळी १४.४ पर्यंत जाते आणि व्हॉल्व्ह उघडताना क्षणभर खाली येते. खरा धोका वेगळाच आहे. काही वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातल्या एका शेतावर मी १८ व्होल्ट मर्यादेचा कन्व्हर्टर असलेले पाच बोर्ड बसवले होते. चार्जिंग १४.४ व्होल्टचे, म्हणजे साडेतीन व्होल्टांची जागा आहे, असा माझा हिशेब होता. मे महिन्याच्या अखेरीस त्यातला एक बोर्ड बंद पडला. जाऊन पाहिले तेव्हा बॅटरीच्या धन टोकावरची चाप ढिली होऊन अधूनमधून सुटत होती. बॅटरी सुटली की स्वस्तातल्या चार्ज कंट्रोलरमधून पॅनेलचे उघडे व्होल्टेज थेट लोडच्या टोकांवर येते. १२ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या पॅनेलचे ते २१-२२ व्होल्ट असते. कन्व्हर्टरच्या काळ्या चौकोनावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला होता आणि त्याच्यामागचा मायक्रोकंट्रोलरही गेला होता, कारण कन्व्हर्टरमधला इनपुटकडचा, म्हणजे वरचा, स्विच शॉर्ट झाला की संपूर्ण इनपुट व्होल्टेज आउटपुटवर येते. तेव्हापासून शेतातल्या १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी मी ३६ व्होल्टच्या खालचा कन्व्हर्टर माझ्या सर्किटच्या नकाशात घेत नाही. आज पॅनेल नसले तरी उद्या शेतकरी ते जोडतो आणि आपल्याला विचारत नाही.

व्होल्टेज वाढण्याचे आणखी एक कारण वायरमध्येच असते. बॅटरीपासून बोर्डापर्यंत दोन-तीन मीटर वायर आहे, बोर्डावर इनपुटला केवळ सिरॅमिक कपॅसिटर आहे आणि तुम्ही बॅटरीची चाप एकदम लावली, तर वायरचे इंडक्टन्स आणि तो कपॅसिटर मिळून झोका घेतात आणि इनपुटवर क्षणभर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उभे राहते. १२ च्या जागी २२-२४ व्होल्ट मी ऑसिलोस्कोपवर पाहिले आहेत. उपाय साधा आहे. सिरॅमिकच्या समांतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावावा; त्याच्या अंगचा रोध हा झोका शमवतो. तो ३५ किंवा ५० व्होल्टचा आणि १०५ अंशांचाच घ्यावा. ८५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक आमच्याकडच्या उन्हात पत्र्याच्या बंद पेटीत फार काळ टिकत नाही, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते.

व्होल्टेजचा क्षणिक धक्का स्वतःवर घेणारा टीव्हीएस डायोड लावावा की नाही, हे कन्व्हर्टरच्या मर्यादेवर ठरते. एसएमएजे १५ए हा डायोड १५ व्होल्टपर्यंत शांत राहतो आणि लाटेच्या वेळी व्होल्टेज २४.४ वर रोखतो. २८ व्होल्टच्या कन्व्हर्टरला तो पुरेसा दिसतो. परंतु वर सांगितलेल्या प्रसंगात पॅनेलचे २१ व्होल्ट तासन्तास त्याच्यावर येत राहतील आणि तो जळेल. टीव्हीएस क्षणिक धक्क्यासाठी असतो, सततच्या दाबासाठी नसतो. म्हणून ४२ किंवा ६५ व्होल्टचा कन्व्हर्टर घ्यावा आणि त्याच्यापुढे २४ व्होल्टपर्यंत शांत राहणारा टीव्हीएस द्यावा. मग पॅनेलचे व्होल्टेज दोघेही निमूट सहन करतात आणि वळिवाच्या पावसातली वीज किंवा मोटारीच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर यांचे धक्के टीव्हीएस घेतो. बोर्ड मोटारीच्या पेटीजवळ असेल, तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा धक्का शेजारून जाणाऱ्या वायरमध्येही उतरतो, हे ध्यानात ठेवा.

आता नावे सांगतो. तुमच्या कामाला एलएम ५१६६ मला सर्वांत योग्य वाटतो. त्याचे इनपुट ३ ते ६५ व्होल्ट आहे, आउटपुट ५०० मिलिअँपिअर आहे आणि स्वतःचा करंट १० मायक्रोअँपिअरच्या आत आहे. त्याचा धाकटा भाऊ एलएम ५१६५ केवळ १५० मिलिअँपिअर देतो. लोराचे १२० आणि मायक्रोकंट्रोलरचे २० मिळून तुम्ही त्याच्या काठावर पोचता, म्हणून तो मी सुचवत नाही. ४२ व्होल्टचा एलटी ८६०९ अडीच मायक्रोअँपिअरवर चालतो आणि उत्तम आहे, पण दोन अँपिअरची त्याची ताकद तुम्हाला लागणार नाही. हे भाग हाताने सोल्डर करणे अवघड आहे, म्हणून पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करून घ्यावा लागेल.

पीसीबीचा खर्च आज नको असेल आणि तयार मॉड्यूलच वापरायचे असेल, तर एमपी १५८४ चे छोटे मॉड्यूल घ्या. त्याची मर्यादा २८ व्होल्ट आहे आणि स्वतःचा करंट सुमारे १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे दिवसाला २.४ मिलिअँपिअर-तास. लेड-ॲसिडच्या आपसूक उतरणीपुढे हे चालून जाते. पॅनेल जोडणार नसाल तर सुरुवातीच्या टप्प्यापुरता ३६ व्होल्टचा माझा नियम बाजूला ठेवून मी हे मान्य करीन. एक गोष्ट मात्र करावी. मॉड्यूलवरचा प्रीसेट काढून त्याच्या जागी निश्चित रेझिस्टर लावावेत. प्रीसेटचा सरकता संपर्क उन्हात आणि धुळीत बिघडतो, आणि तो क्षणभर जरी सुटला तरी आउटपुट इनपुटच्या दिशेने वर जाते. या चिपमध्ये ग्राउंडकडचा, म्हणजे खालचा, स्विच नसतो आणि त्याच्या जागी मॉड्यूलवर चिपबाहेर शॉटकी डायोड असतो, हेही जाणून असावे. कन्व्हर्टर शांत असताना त्या डायोडवर ३.३ व्होल्ट उलट्या दिशेने असतात आणि गरम झालेला शॉटकी चांगलाच गळतो. घरात २५ अंशांवर मोजलेला झोपेचा करंट आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता पेटीत असलेला करंट यांत म्हणूनच फरक पडतो. दोन्ही स्विच आत असलेल्या, म्हणजे सिंक्रोनस, कन्व्हर्टरमध्ये ही गळती बरीच कमी असते.

रेझिस्टरांचा विषय निघाला आहे तर थोडे थांबून सांगतो, कारण इथे दोन शहाणपणांची टक्कर होते. फीडबॅकचे रेझिस्टर लहान घेतले तर ते करंट खातात, हे ३३१ च्या उदाहरणात आपण पाहिले. म्हणून पुस्तकी सल्ला असा की ते मेगाओहममध्ये घ्यावेत. मी तसे केले होते. ०.८ व्होल्ट फीडबॅकच्या चिपला खाली १ मेगाओहम आणि वर सुमारे ३.१ मेगाओहम लावले. घरी आउटपुट नेमके ३.३ आले. श्रावणात ठिबकच्या ओलीत, केळीच्या सावलीत महिनाभर राहिलेल्या त्याच बोर्डावर ३.९ व्होल्ट मिळाले. सोल्डर फ्लक्सचा उरलेला थर ओलावा ओढून घेतो आणि खालच्या रेझिस्टरच्या समांतर एक अदृश्य वाट तयार होते. ती वाट ४ मेगाओहमची असली तरी १ मेगाओहमचे ८०० किलोओहम होतात आणि आउटपुट ३.९ वर जाते. ३.६ व्होल्टची मर्यादा असलेल्या मायक्रोकंट्रोलरला हे घातक आहे. म्हणून बागेतल्या बोर्डासाठी निश्चित ३.३ व्होल्टची आवृत्ती घ्यावी. तिचे रेझिस्टर चिपच्या आत असतात, तिथे ओल पोचत नाही आणि ते करंटही फार कमी घेतात. एलएम ५१६६ अशा निश्चित आवृत्तीत मिळतो. बाहेरचे रेझिस्टर लावणे भागच असेल, तर दोहोंची बेरीज काहीशे किलोओहमच्या वर नेऊ नये, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून काढावा आणि वर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा लेप, द्यावे.

बॅटरीचे व्होल्टेज मोजायला तुम्ही जे दोन रेझिस्टर लावले असतील, तेही तपासा. १०० किलोओहम आणि २७ किलोओहम ही जोडी नेहमी वापरली जाते. ती सतत ९५ मायक्रोअँपिअर, म्हणजे दिवसाला सव्वादोन मिलिअँपिअर-तास घेते; तुमच्या सबंध बोर्डाच्या कामाच्या दुप्पट. तिथे १ मेगाओहम आणि २७० किलोओहम लावा आणि मायक्रोकंट्रोलरच्या पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. इथे ओलाव्याने आकडा थोडा चुकला तरी काही जळत नाही, म्हणून मेगाओहमची मुभा आहे.

इंडक्टर आणि कपॅसिटर यांबाबत डेटाशीटमध्ये दिलेला तक्ता पाळावा. तिथे नवीन काही करण्याची गरज नाही. केवळ प्रमाण कळावे म्हणून सांगतो: ५०० किलोहर्ट्झवर १४.४ चे ३.३ व्होल्ट करताना २२ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर घेतला, तर त्यातला रिपल करंट साधारण ०.२३ अँपिअर येतो. इंडक्टरची सॅच्युरेशन मर्यादा (ज्या करंटपुढे तो काम करेनासा होतो ती) तुमच्या लोडपेक्षा नव्हे, तर चिपच्या करंट मर्यादेपेक्षा जास्त असावी आणि तो शील्डेड असावा, कारण शेजारीच रेडिओचा अँटेना आहे. सिरॅमिक कपॅसिटर एक्स ७ आर प्रतीचे घ्यावेत आणि त्यांचे व्होल्टेज दुपटीहून अधिक ठेवावे. १६ व्होल्टच्या छोट्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १२ व्होल्ट लावले की त्याची निम्म्याहून अधिक क्षमता नाहीशी होऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. पीसीबीवर इनपुट कपॅसिटर चिपच्या पायांना अक्षरशः चिकटून असावा.

बॅटरी किती उतरू द्यायची, याचा निर्णय मात्र डेटाशीटवर सोडता येत नाही. लेड-ॲसिडसाठी १०.५ व्होल्ट हा जो आकडा सांगतात, तो वीस तासांत बॅटरी रिकामी होईल अशा लोडखालचा आहे. तुमचा लोड मायक्रोअँपिअरमध्ये असल्याने तुम्हाला दिसणारे व्होल्टेज हे विश्रांतीचे व्होल्टेज असते, आणि विश्रांतीत १२.० व्होल्ट म्हणजे बॅटरीत पाव हिस्साही धड उरलेला नसतो. १०.५ ची वाट पाहिली तर ती बॅटरी पुन्हा उठणार नाही. बोर्डाने १२.० व्होल्टला घरी सूचना पाठवावी आणि ११.८ ला एनेबल पिनच्या साहाय्याने कन्व्हर्टर बंद व्हावा, अशी रचना करा. पुन्हा चालू होण्याची पातळी १२.३ च्या वर ठेवा, नाहीतर लोड सुटताच व्होल्टेज वर येईल, बोर्ड पुन्हा चालू होईल आणि हे चक्र रात्रभर चालेल. बक, म्हणजे स्टेप-डाउन, कन्व्हर्टरला बॅटरी उतरत गेली की जास्त करंट लागतो, कारण त्याला तेवढीच शक्ती द्यायची असते. अशक्त बॅटरीवर हे चक्र त्यामुळे आणखी बिघडते. व्हॉल्व्ह उघडलेला असताना घेतलेले वाचन या निर्णयासाठी वापरू नका.

व्हॉल्व्ह घ्याल तो लॅचिंग प्रकारचा घ्या. साधा सोलेनॉइड उघडा राहण्यासाठी पाणी सुरू असेपर्यंत काहीशे मिलिअँपिअर घेतच राहतो. लॅचिंगला उघडताना एक आणि बंद करताना उलट दिशेचा एक, असे क्षणभराचे दोन पल्स पुरतात. त्याचे पल्स बॅटरीतून थेट द्या, ३.३ व्होल्टच्या वाटेवर त्याचा काहीही संबंध येऊ देऊ नका, आणि कन्व्हर्टरच्या इनपुटपुढे एक डायोड देऊन मागे तो इलेक्ट्रोलिटिक ठेवा, म्हणजे पल्सच्या वेळी बॅटरी खाली झुकली तरी मायक्रोकंट्रोलर रीसेट होणार नाही.

व्हॉल्व्हचा विचार नसता, तर मी १२ व्होल्टची बॅटरीच काढायला सांगितली असती. दिवसाला ३.४ मिलिअँपिअर-तासांसाठी २६०० मिलिअँपिअर-तासांचा एकच १८६५० लिथियम सेल आणि एमसीपी १७०० हा साधा एलडीओ, म्हणजे स्विचिंग न करता व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर, पुरतो. तो दीड-दोन मायक्रोअँपिअर घेतो आणि ३.७ चे ३.३ करताना त्याची कार्यक्षमता ८९ टक्के असते, त्यामुळे तिथे बक कन्व्हर्टरची गरजच पडत नाही. अडचण एवढीच की लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि ६० अंशांच्या वर वापरू नये, असे सर्वसाधारण बंधन आहे. उन्हात ठेवलेल्या बंद पेटीत मी मे महिन्यात ६३ अंश मोजले आहेत. लिथियम वापरणाऱ्यांनी पेटी केळीच्या खांबाच्या सावलीत ठेवावी आणि सेल काढून घरी चार्ज करावा.

आता बोर्ड तयार झाल्यावर मोजायचे कसे? मल्टीमीटर मायक्रोअँपिअरवर लावून बॅटरीच्या वाटेत घातला, तर बोर्ड जागा होताच मीटरमध्येच एवढे व्होल्टेज पडते की बोर्ड रीसेट होतो आणि आकडा निरर्थक ठरतो. मी एक जुनी पद्धत वापरतो. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा चांगला इलेक्ट्रोलिटिक बॅटरीच्या समांतर रात्रभर जोडून ठेवावा, म्हणजे त्याची स्वतःची गळती कमी होते. सकाळी बोर्ड झोपलेला असताना बॅटरी अलग करावी. बोर्ड आता केवळ त्या कपॅसिटरवर चालतो. व्होल्टेज १२.५ वरून ११.५ वर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. मीटर सतत लावून ठेवू नये, कारण त्याचा १० मेगाओहमचा रोधही थोडा करंट घेतो, मधूनमधून टेकवावा. ४७०० ला सेकंदांनी भागले की मायक्रोअँपिअर मिळतात. १०४ सेकंद लागले तर ४५ मायक्रोअँपिअर. हीच चाचणी तुमच्या सध्याच्या एलएम २५९६ मॉड्यूलवर केलीत तर घड्याळ पाहायलाही सवड मिळणार नाही, पाऊण सेकंदाच्या आत व्होल्टेज खाली येईल. नंतर बोर्ड काढून नुसत्या कपॅसिटरची गळती त्याच पद्धतीने मोजून वजा करावी. कन्व्हर्टर ११.८ व्होल्टला बंद होण्याची रचना केली असेल, तर ही चाचणी १३.२ ते १२.२ या टप्प्यात करा, नाहीतर कन्व्हर्टर मध्येच बंद होईल.

माझ्या अंदाजाने एलएम ५१६६, निश्चित ३.३ व्होल्ट, मेगाओहमचे मोजणीचे रेझिस्टर आणि एनेबलचे रेझिस्टर मिळून तुमचा झोपेचा करंट ४० ते ५० मायक्रोअँपिअर येईल आणि कामासह दिवसाचा खर्च दोन मिलिअँपिअर-तासांच्या आसपास राहील. मग बॅटरी केवळ स्वतःच्या उतरणीने संपेल, म्हणून ती तीन-चार महिन्यांनी एकदा घरी आणून पूर्ण चार्ज करावी; उन्हाळ्यात हे अंतर दोन महिन्यांवर आणावे. आकडा ६० च्या वर आला, तर आधी सेन्सरची वीज झोपेत खरोखर बंद होते का ते पाहा, मग लोरा मॉड्यूल स्लीपमध्ये जाते की नुसते स्टँडबायमध्ये राहते ते पाहा, आणि त्यानंतरच कन्व्हर्टरवर संशय घ्या.